ज्याचा डबा त्याच्या पाठीवर

शुक्रवार, रात्री

यंदा २६ जानेवारी सोमवारी आली, म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार सलग सुट्टी, मग मिरजेहून ताई (माझी नणंद), दाजी आणि त्यांची दोन्ही मुलं ठाण्याला यायचं ठरलं. ते चार, आम्ही घरचे चार, एकूण आठ माणसं. बेत असा की शनिवारी ठाणं, रविवारी ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो आणि थोडी नवी मुंबई, सोमवारी कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आणि रात्रीच्या गाडीने ते परत. मुक्काम आमच्याच घरी, फिरणं लोकलने आणि रिक्षाने.

मी मात्र एक गोष्ट आधीच ठरवली होती, या तीन दिवसात बाटलीबंद पाणी घ्यायचं नाही आणि एकदा वापरून फेकायच्या प्लेटा, कप, ग्लास होईल तेवढे टाळायचे. हिशोब करून बघा ना, आठ माणसं, माणशी दिवसाला दोन बाटल्या धरल्या तरी तीन दिवसांच्या ४८ बाटल्या होतात, त्यावर चहाचे कप, पाणीपुरीचे द्रोण, वेफर्सची पाकिटं, उसाच्या रसाचे ग्लास हे वेगळंच. आपण मजा करून घरी येतो आणि तो ढीग कुणीतरी दुसराच वाकून उचलतो, हे मला खरंच खटकतं.

सामान सगळं घरातलंच निघालं. माणशी एक स्टीलची बाटली, साध्या पत्र्याची, थर्मासवाली नाही, कारण जानेवारीत गार पाण्याची गरज नसते आणि ती बाटली रिकामीच जड असते, त्यात एक लिटर पाणी भरलं की एक किलो वाढतंच. माणशी एक चपटा क्लिपवाला डबा, एक छोटा पेला चहासाठी, एक वाटी, एक चमचा. जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले असतात माझ्याकडे, ते हात पुसायला, चमचा गुंडाळायला आणि मांडीवर डबा घेऊन खाताना खाली घ्यायला. घडी करून ठेवलेल्या दोन कापडी पिशव्या. एका डबीत भांड्याच्या साबणाचा तुकडा आणि घासणीचा छोटा तुकडा. बस.

आणि एक गोष्ट जी असल्या याद्यांमध्ये कुणीच लिहीत नाही आणि माझ्या मते तिच्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे, ती म्हणजे उष्ट्या भांड्यांची पिशवी. लोक पहिल्या दिवशी हौसेने डबा नेतात, दुपारी तो खरकटा होतो, तेलाचा ओघळ बॅगेत जातो, पुस्तकाला लागतो, स्वेटरला लागतो, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा घरीच राहतो. आमच्या आईंनी (सासूबाई) मोडलेल्या छत्र्यांचं कापड उसवून त्याच्या नाडीवाल्या पिशव्या शिवल्यात मशीनवर. छत्रीचं कापड पाणी बाहेर येऊ देत नाही, पटकन वाळतं, धुतलं की वास राहत नाही. उष्टी वाटी, चमचा, पेला टाकला आत, नाडी ओढली, घरी येईपर्यंत बघायचं नाही.

दुसरा नियम घरातला जुनाच आहे, ज्याचा डबा त्याच्या पाठीवर आणि घरी आल्यावर धुणारा पण तोच. हा नियम मला सगळ्यात जवळचा आहे. कारण होतं काय, पर्यावरण वगैरे सगळ्यांना आवडतं, पण आठ डबे भरायचे बाईने, ते एका मोठ्या पिशवीत घालून उचलायचे बाईने, आणि रात्री दमून आल्यावर सिंकमध्ये आठ डबे, आठ पेले, आठ वाट्या घासायच्या पण बाईनेच. मग ती एक दिवस म्हणणारच ना की आणा बाबा कागदी प्लेटा. तिचं अजिबात चुकत नाही. कचरा कमी करायचा म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर काम वाढवायचं असं असेल तर ते टिकतच नाही.

ऑनलाइन मिळणारे बांबूचे काटे-चमचे, स्टीलच्या स्ट्रॉ आणि त्या स्ट्रॉ घासायचा ब्रश असले सेट मला पटत नाहीत. घरात चमचे पडलेत, शहाळं तोंड लावून पिता येतं, नाहीतर शहाळेवाल्याला बाटली दिली की तो आनंदाने ओतून देतो. नवीन वस्तू विकत घेऊन कचरा कसा कमी होणार?

रात्री ताईंचा गाडीतून फोन. त्यांना सांगितलं होतं की माणशी बाटली आणि डबा आणा, तर म्हणाल्या, "वहिनी, आणलंय की सगळं, पण एवढं घेऊन हिंडायचं म्हणजे ओझंच की ओ." मग हळूच विचारलं की ओवीची (त्यांची थोरली) तारीख जवळ आलीय, ती अकरावीत आहे, तर ते कापडी पॅड किंवा पाळीत वापरायचा कप म्हणतात ते ठीक असतं का प्रवासात. मी स्पष्ट सांगितलं, कापडी पॅड उत्तम पण ते धुवून उन्हात वाळवायला जागा आणि निवांतपणा लागतो, पाहुण्याच्या घरी पोरीला अवघड वाटतं. कप मला स्वतःला प्रवासात फार सोयीचा वाटतो, पण पहिल्यांदा वापरायचा असेल तर तो घरीच, सवय व्हायला वेळ लागतो, फिरताना नाही. आत्ता नेहमीचेच पॅड आणा, कागदात गुंडाळून वेगळे देऊ. बाजारातल्या पॅडमध्ये बरंचसं प्लास्टिकच असतं हे खरं आहे, पण म्हणून पोरीच्या सहलीची वाट लावायची नाही.

शनिवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणला उतरून लोकलने सगळे सकाळी ठाण्यात. स्टेशनवर नवरा आणि आमचा चिन्मय घ्यायला गेले होते. दाजींना रेल्वेची फार आवड, त्यांनी तिथेच मुलांना सांगितलं की देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली ती इथेच, ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. घरी आल्यावर आईंनी त्यांचा माहेरचा फिरकीचा तांब्या काढून दाखवला, पितळी, फिरकीचं झाकण असलेला, पूर्वी एसटीच्या प्रवासात सगळ्यांकडे असायचा तसला. अर्णवने (ताईंचा धाकटा, पाचवीत) तो उलटा करून हलवून बघितला, थेंब पडला नाही, आणि त्याने तिथेच जाहीर केलं की तीन दिवस हाच त्याच्या पाठीवर. जड होता, पण हट्ट त्याचा होता, मग नेऊ दिला.

नाश्त्याला मामलेदार कचेरीजवळची मिसळ, ताईंची फर्माईशच होती, कोल्हापूरकडच्या माणसाला ठाण्याची मिसळ खिलवायची म्हणजे जरा धडधडच, पण दाजींनी रस्सा दुसऱ्यांदा मागितला. इथे सांगायचं म्हणजे बसून खाल्लं की कचरा करायचा प्रश्नच फारसा येत नाही. सगळा घोळ पार्सलमध्ये आहे. त्यामुळे वेळ असेल तर बसून खायचं हाच सगळ्यात सोपा उपाय, त्याला ना डबा लागतो ना पिशवी. आणि पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे वेटर विचारतोच, "बिसलेरी आणू का साधं?" तेव्हा पटकन साधं म्हणायचं.

तिथून जांभळी नाक्याचं मार्केट. जानेवारीत तिथे काय काय असतं, बोरं, पेरू, ओल्या हरभऱ्याच्या गड्ड्या, गाजरं, आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. सुट्ट्या मालाला अडचण नाही, कापडी पिशवी पुढे केली की झालं. तरी बऱ्याच जणांच्या गाडीवर पातळ पिशव्यांचा गठ्ठा लटकलेला असतोच. राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी २०१८ च्या मार्चमध्ये आली, पहिल्यांदा सापडलं तर ५ हजार दंड, देशभरात एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या ठराविक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून, आणि कॅरीबॅगला किमान १२० मायक्रॉन जाडीची अट २०२२ च्या शेवटी. पण भाजीवाल्या मावशींशी बोललं की कळतं, गिऱ्हाईक हात हलवत येतं आणि पिशवी दिली नाही तर शेजारच्या गाडीवर जातं. त्यांना एकट्यांना दोष देऊन काय उपयोग.

स्ट्रॉबेरी प्लास्टिकच्या पेटीतच येते. ओवीने विचारलं की ही नाहीच घ्यायची का मग? मी विक्रेत्या दादांना म्हटलं, तुम्ही माझ्या डब्यात ओतून द्या आणि पेटी तुमच्याकडे ठेवा. ते आधी बुचकळ्यात पडले, मग म्हणाले बरंच आहे की, मला सुटी स्ट्रॉबेरी भरायला पेटी लागतेच. वर डब्यात उरलेल्या जागेत पाच-सहा जास्तीच्या टाकल्या. हे मी नेहमी बघते, आपलं भांडं पुढे केलं की माप जरा सढळ होतं.

संध्याकाळी तलावपाळी. मासुंदा तलावाच्या कडेने शनिवारी संध्याकाळी जी गर्दी असते ती ठाणेकरांना सांगायला नको, कोपिनेश्वराचं दर्शन, बोटिंग, गडकरी रंगायतनच्या बाजूने फेरी आणि मग पाणीपुरी. इथे चिन्मयने त्याच्या मामेभावाला, सॉरी आतेभावाला, जे शिकवलं ते मला फार आवडलं. अर्णव गाडीजवळ जाऊन म्हणाला, भैया एक प्लेट पाणीपुरी, आणि मग बॅगेत वाटी शोधायला लागला, तोपर्यंत त्यांनी द्रोण हातात ठेवला पण. चिन्मय म्हणाला, "असं नाही करायचं रे. वाटी आधी हातात धरायची, मग बोलायचं."

हे इतकं खरं आहे. गाडीवाल्याचा हात सवयीने चालतो, ऑर्डर ऐकली की हात द्रोणाकडे, कपाकडे, पिशवीकडे जातोच, त्याच्यामागे रांग असते, त्याला थांबायला वेळ नसतो. एकदा त्याने द्रोण काढला की मग आपण वाटी काढून उपयोग नाही, तो द्रोण तो बाजूला टाकणार. म्हणून भांडं आधी, ऑर्डर नंतर. चहाच्या टपरीवर पेला आधी काउंटरवर, मग "दोन कटिंग". वडापाववाल्याकडे डबा उघडून पुढे, मग "चार द्या". वडापावचं तर अजून एक, तो वर्तमानपत्रात गुंडाळून मिळतो, आणि गरम तेलकट पदार्थाला छपाईची शाई लागते म्हणून वर्तमानपत्रात खायचं देऊ नका असं एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने) २०२३ मध्ये बजावून सांगितलंय. म्हणजे डबा हा फक्त कचऱ्यासाठी नाही, आपल्या पोटासाठी पण आहे.

कागदी कपाचं पण तेच. लोकांना वाटतं कागद आहे, काय होतंय. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा झिरपला नसता का? आयआयटी खरगपूरच्या लोकांनी २०२० मध्ये तपासलं होतं, १०० मिली गरम पेय १५ मिनिटं कागदी कपात राहिलं तर प्लास्टिकचे साधारण २५ हजार बारीक कण त्यात उतरतात. हे मी तलावपाळीच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा दाजी काही बोलले नाहीत, पण नंतरचा चहा त्यांनी स्वतःहून पेल्यात घेतला.

रात्री घरी आल्यावर नियमाप्रमाणे ज्याने त्याने आपापली छत्रीची पिशवी सिंकमध्ये रिकामी केली. ताई उठायला लागल्या दाजींची वाटी धुवायला, आई म्हणाल्या, "बस गं, त्याला येतं." दाजींनी धुतली. व्यवस्थित धुतली.

रविवार

आज पहाटेपासून गडबड. ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल, दिघा गाव झालं की ऐरोली. तिथून रिक्षाने किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र, कांदळवन विभागाचं आहे हे, फ्लेमिंगोच्या बोटी इथूनच सुटतात. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, रोज बदलते, म्हणून आधी बुकिंग करून वेळ विचारूनच यायचं, उगाच सकाळी आठ वाजता येऊन धडकलात तर चार-पाच तास बसावं लागेल. बोटीची वाट बघताना आतलं माहिती केंद्र बघून घ्या, मुलांना कांदळवनाचे प्रकार तिथे नीट कळतात. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्ष म्हणून २०२० मध्ये जाहीर केलेला, तोही तिथे समजला.

बोट निघाली आणि दोन्ही बाजूंनी तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, दाट रांग. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आपली ही खाडी आहे, एका बाजूला ऐरोली-घणसोली, दुसऱ्या बाजूला भांडुप-विक्रोळी, मध्ये मुलुंड-ऐरोली पूल, आणि या सगळ्या गर्दीच्या पोटात हजारो पक्षी. ताई म्हणाल्या, "एवढ्या बिल्डिंगांच्या मध्ये ही पाखरं येत्यात तरी कशी?" येतात, बहुतेक गुजरातकडून, कच्छच्या बाजूने, कारण इथल्या चिखलात त्यांचं खाणं आहे. शेवाळ, बारीक जीव. चोच उलटी करून चिखलपाणी गाळून खातात आणि त्या खाण्यातल्या रंगद्रव्यामुळेच पंख गुलाबी होतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते इथे चरतात, भरतीला तो पाण्याखाली गेला की उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात.

फ्लेमिंगो दिसले. फार मोठा थवा नव्हता, पूर्ण भर फेब्रुवारीनंतर असतो म्हणे, पण जे होते ते बोटीच्या बऱ्यापैकी जवळ होते आणि उडाले तेव्हा पंखाखालचा लाल-काळा रंग दिसला. आई पहिल्यांदाच बघत होत्या. त्या कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आपल्या घरापासून एवढ्या जवळ होतं हे.

आणि मग परतताना काठ जवळून दिसला. तिवरांची श्वासमुळं असतात, चिखलातून पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी वर आलेली. खाडीच्या चिखलात हवा नसते ना, म्हणून झाड या मुळांनी वरून हवा घेतं. त्या मुळांवर पिशव्या अडकलेल्या. एक नाही, दोन नाही, ओळीने. भरतीबरोबर पिशवी येते, मुळांत अडकते, ओहोटीला पाणी जातं पण पिशवी तिथेच, वर गाळ बसतो, आणि झाडाचा श्वास त्या जागी बंद. बाटल्या, चपला, थर्माकोलचे तुकडे, आणि सगळ्यात जास्त चकचकीत पाकिटं, वेफर्सची, गुटख्याची, शाम्पूच्या पुड्यांची. बोटीवरचे दादा सांगत होते की बाटली कुणीतरी वेचून नेतं, भंगारात तिला पैसे येतात, पाकिटाला कुणी हात लावत नाही. ते खरंच आहे, पाण्याची बाटली एकाच जातीच्या प्लास्टिकची असते त्यामुळे तिचा पुनर्वापर होऊ शकतो, पाकिटात मात्र प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही.

हे पाकिटांचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण बाटलीच्या मागे लागतो, स्टीलची बाटली घेतली की आपलं काम झालं असं वाटतं, पण प्रवासातला खरा न संपणारा कचरा खाऊच्या पाकिटांचा आहे. त्याला उपाय एकच, निघताना डबे भरून घेणं. आमच्याकडे त्या दिवशी ताईंनी मिरजेहून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, घरचा चिवडा, तिळाच्या वड्या आणि बोरं होती. बोट लागल्यावर मुलांनी ते एवढं हाणलं की वेफर्सची आठवण कुणाला आली नाही.

ऐरोलीहून पुन्हा लोकल, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. जेवायला स्टेशनजवळच्या एका साध्या हॉटेलात बसलो. आठ जणांत ऑर्डर नेहमीच जास्त होते, पनीरची भाजी आणि चार रोट्या उरल्या. वेटर पार्सलचे प्लास्टिकचे डबे आणायला वळला, दाजींनी त्याच्या आधी स्वतःचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यात भरा." आधी भांडं, मग बोलणं, बरोबर.

दुपारी निसर्ग उद्यान. हे मला मुद्दाम दाखवायचं होतं. गवत, झाडं, फिरायचे रस्ते, मुलं खेळतायत, आजी-आजोबा बसलेत, आणि हे सगळं जुन्या डंपिंग ग्राउंडवर आहे. पायाखाली कचरा आहे. असा डोंगर शास्त्रीय पद्धतीने बंद करतात म्हणजे आधी तो सपाट आणि उताराचा करतात, वर आच्छादन, मातीचे थर, आत सडून तयार होणारा गॅस बाहेर पडायला पाइप, मग माती आणि झाडं. दाजी बराच वेळ एका जागी उभे राहून बघत होते. म्हणाले, "म्हणजे गेलं कुठंच नाही ते. झाकलंय फक्त." नवी मुंबई स्वच्छतेत देशात वरच्या नंबरात असते, २०२३ च्या सर्वेक्षणात तिसरी होती, आणि इथलं काम खरंच चांगलं आहे हे मी ठाणेकर असून मनापासून सांगते, पण दाजींचं बोलणं पण तेवढंच खरं. आमच्या ठाण्याचा कचरा कित्येक वर्षं दिवा गावाला जात होता, तिथल्या लोकांनी त्याचा धूर आणि वास सोसला.

सोमवार

सकाळी सोसायटीत झेंडावंदन. मी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलं होतं की नाश्त्याला आपापली ताटली आणि पेला घेऊन या. किती आणतील याची खात्री नव्हती, पण निम्म्याच्या वर लोकांनी आणल्या. कांदेपोहे आणि जिलेबी स्टीलच्या ताटल्यांत खाताना एक काका म्हणाले, लग्नाच्या पंगतीसारखं वाटतंय. प्लास्टिकचे छोटे झेंडे पण बंदीच्या यादीत आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, झेंडे आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या दोन्ही. कागदी झेंडे मुलांना दिले आणि कार्यक्रम झाल्यावर मोजून परत घेऊन ठेवले, पुढच्या १५ ऑगस्टला तेच.

मग ठाण्याहून थेट पनवेल लोकल आणि पुढे मुंबई-गोवा रस्त्याने कर्नाळा. गेटवर पिशव्या तपासतात, आत नेत असलेल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि त्यावर डिपॉझिट ठेवून घेतात, परत येताना तेवढ्या वस्तू दाखवल्या की पैसे परत. मला ही पद्धत अतिशय आवडते, पाटी लावून जे होत नाही ते यामुळे होतं. आमच्या पुढच्या ग्रुपची मोजणी चालू होती, बाटल्या, वेफर्स, बिस्किटं, सॉसच्या पुड्या, बराच वेळ गेला. आमच्याकडे मोजण्यासारखी ओवीची एक बिस्किटाची पुडी आणि आईंच्या गोळ्यांच्या पट्ट्या. अर्णवने तांब्या वर धरून दाखवला, गेटवरच्या काकांनी तो हातात घेतला, फिरकी फिरवून बघितली आणि म्हणाले आमच्याकडे पण होता.

आत फिरलो, किल्ल्यावर आई आणि ताई आल्या नाहीत, त्या खालीच सावलीत बसल्या. आम्ही बाकीचे अर्ध्यावर गेलो. शीळकरी कस्तुर या पक्ष्याची शीळ दोनदा ऐकू आली, दिसला नाही. माकडं मात्र भरपूर, त्यांना प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर ऐकली की खायचं आलं एवढं पक्कं कळतं, बंद डब्यांकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही.

डब्याचं एक सांगते. जिथे नळ सहज मिळेल याची खात्री नाही तिथे डब्यात काय न्यायचं याचा विचार आधी करावा लागतो. रस्साभाजी, तेलकट लोणचं, श्रीखंड असलं काही नाही. आज आमच्याकडे भाकरी, कोरडा झुणका, ठेचा, कांदा, उकडलेल्या शेंगा, पेरू होते. खाऊन झालं की डबा साडीच्या तुकड्याने पुसला की स्वच्छ, तुकडा छत्रीच्या पिशवीत. शेंगांची टरफलं आणि पेरूचे देठ एका रिकाम्या डब्यात भरून घरी आणले, कुंड्यांच्या मातीत जातात ते. जंगलात टाकलं तरी कुजेल हे बरोबर आहे, पण माकडांना तिथे खाऊ टाकायची सवय लावायची नाही.

उतरताना दाजींनी त्यांची बाटली एका दुसऱ्याच मुलाला दिली प्यायला, त्याच्याकडचं पाणी संपलं होतं. पाण्याचा अंदाज हा भाग कठीणच आहे, आत पाणी मिळेल यावर विसंबून जाऊ नये, चढणार असाल तर माणशी दोन लिटर घ्या आणि त्या दिवशी बाकीचं वजन कमी ठेवा. पनवेलला आल्यावर हॉटेलात चहा घेताना सगळ्यांनी बाटल्या भरून घेतल्या, विचारलं तर कुणीही नाही म्हणत नाही.

घरी येऊन सगळा सुका कचरा एकत्र केला. बोटीची आणि लोकलची तिकिटं, बिस्किटाची पुडी, गोळ्यांच्या पट्ट्या, अर्णवने हट्टाने घेतलेली दोन चॉकलेटं, कुल्फीच्या काड्या, ओवीचे गुंडाळलेले पॅड वेगळे. एका मध्यम डब्यात मावला आठ जणांचा. ताईंनी तो डबा हातात घेऊन वर-खाली करून बघितला आणि विचारलं, "वहिनी, ती छत्रीच्या कापडाची पिशवी कशी शिवायची ते दाखवा की." आईंनी कात्री आणि वर्तमानपत्र घेतलं, जुन्या छत्रीची एक कळी (कापडाचा त्रिकोणी तुकडा) उसवून तिचा माप-कागद कापून दिला. कळ्या जोडून शिवल्या तर एका छत्रीच्या दोन पिशव्या होतात, शिवण दुहेरी घालायची, नाडीसाठी वरून दोन बोटं दुमडायचं.

रात्री कल्याणला महालक्ष्मीवर सोडायला गेलो. वाटेसाठी दशम्या माझ्याकडच्या, चटणी त्यांचीच उरलेली, आठ ऐवजी चार डबे. तांब्या अर्णवकडेच राहिला, आईंनीच दिला त्याला.

मे महिन्यात आम्ही मिरजेला जाणार आहोत, तिथून नरसोबाच्या वाडीला एक दिवस. वाडीची बासुंदी आणायची म्हणजे चपटा डबा चालणार नाही, झाकणाला रबर असलेली उभी बरणी लागेल आणि ती चिन्मयच्या पाठीवर, कारण बासुंदी सगळ्यात जास्त तोच खातो. तशी एक बरणी माळ्यावर आहे, तिचं रबर कडक झालंय, ते गोखले रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात सुटं मिळतं का बघते या आठवड्यात.